ताका उघडण्याआधी

गिऱ्हाईक दुकानात आलं की मी लगेच ताका उघडत नाही. बसायला सांगतो, पाणी देतो आणि कपडे कशासाठी हवेत ते विचारतो. ‘सूट शिवायचाय’ एवढ्यावर माझं भागत नाही. लग्न कुणाचं, मुहूर्त किती वाजताचा, कार्यालयात की लॉनवर, महिना कोणता, तुम्ही नवरदेव की नवरदेवाचे मामा, तिथवर चारचाकीने जाणार की स्कूटरवरून, आणि त्या दिवसानंतर हा सूट पुन्हा कधी अंगावर चढणार? काहींना ही उलटतपासणी वाटते. ‘मास्तर, आधी माल तरी दाखवा,’ म्हणतात. पण सदाशिव पेठेतल्या या दुकानात वडिलांच्या हाताखाली शिकलो, पुढे त्यांच्याच टेबलाशी उभा राहून कटिंग करू लागलो, तेव्हापासून बघत आलोय: कापड हातात आलं की माणूस स्वतःबद्दल बोलायचं थांबतो. मग बोलणं होतं ते फक्त रंगाचं आणि भावाचं. डोळ्यांत भरतं ते घेतलं जातं आणि गरजेचं होतं ते फळीवर राहून जातं.

म्हात्रे पुलाजवळ डी. पी. रस्त्याला नदीच्या अंगाने लॉन्सची रांग लागली आहे. डिसेंबरात रात्री नवाच्या सुमारास तिथे स्वागतसमारंभाला उभं राहिलं की गारठा पाठीत शिरतो. त्याच महिन्यात पेठेतल्या एखाद्या कार्यालयात दुपारी साडेबाराचा मुहूर्त असतो, होम पेटलेला असतो, माणसं दाटीवाटीने उभी असतात आणि नवरदेवाच्या कपाळावर मुंडावळ्यांखाली घाम साचलेला असतो. दोन्ही लग्नं पुण्यातली, दोन्ही डिसेंबरातली, पण कापड एक चालणार नाही. सुटिंगचं वजन चौरस मीटरला किती ग्रॅम असं मोजतात. लॉनवाल्याला मी २८० ग्रॅमच्या आसपासचं ट्विल सुचवतो. त्याची तिरकी वीण दाट बसते आणि वारा अडवते. कार्यालयवाल्याला २२० ते २४० ग्रॅमचं, साध्या विणीचं, ज्यातून हवा खेळते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. दुपारी ऊन लागतं आणि थंडीत रात्री शाल शोधावी लागते. त्यामुळे मुंबईच्या शिंप्याला क्वचित पडणारा प्रश्न आम्हाला हंगामभर पडतो.

कापड ओळखायला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शिकवलं. ते डोळ्यांनी कमी आणि हाताने जास्त बघायचे. नवा ताका आला की त्याचं टोक मुठीत घट्ट आवळायचे, समोरच्याशी दोन वाक्यं बोलायचे आणि मूठ सोडायचे. चांगल्या लोकरीच्या कापडावरची चुणी बघता बघता उलगडते. लिनन चुरगळलेलं राहतं, आणि ते तसंच राहणार हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं लागतं. ज्याला सुरकुती खपत नाही त्याने लिननच्या वाटेला जाऊ नये. मग अण्णा कापड उरेब धरून ओढायचे. सोडल्यावर ते जागेवर आलं तर ठीक, नाही आलं तर पँट महिन्याभरात गुडघ्यावर फुगणार हे नक्की. तरी संशय राहिला तर काठाजवळचा एक दोरा काढून चिमट्यात धरायचे आणि काडी लावायचे. लोकरीच्या दोऱ्याला केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की तो विझतो आणि त्याची राख चिमटीत चुरडते. पॉलिएस्टर वितळून आकसतं, टोकाला काळा कडक मणी उरतो. सुती आणि लिनन कागदासारखं भुरकन जळून करड्या राखेचं होतं. भेसळ असेल तर राख चोळताना बोटांना खडे लागतात. कापड कितीही नावाजलेलं असो, हा दोरा मी आजही जाळतो, आणि शक्यतो गिऱ्हाइकासमोर जाळतो. आपण कशाचे पैसे देतोय हे त्याला कळलं पाहिजे.

पॉलिएस्टरचं मला वावडं नाही. अण्णांच्या तरुणपणी टेरीकॉटची पँट आणि टेरिलिनचा शर्ट ही हौसेची वस्तू होती. रात्री धुऊन वाळत घातला की सकाळी इस्त्रीशिवाय कचेरीत जाता यायचं, आणि दोन शर्टांवर वर्ष काढणाऱ्या कारकुनाला त्याचं मोल फार होतं. त्या काळी सुती माल मुंबईच्या गिरण्यांचा आणि लोकरीचं सुटिंग ठाण्यात १९२५ साली सुरू झालेल्या रेमंडचं, नाहीतर अमृतसर-जामनगरकडच्या गिरण्यांचं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. आमच्या फळ्यांवरची मुंबईच्या सुताची जागा हळूहळू भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांनी घेतली. इचलकरंजीचं शर्टिंग आज चांगलं निघतं. मी ते आनंदाने कापतो, फक्त कापण्याआधी रात्रभर भिजवून सावलीत वाळवतो. सुती कापडाला जेवढं आटायचं तेवढं त्याने शिवण्याआधी आटून घ्यावं.

हल्ली मुलं आकडा पाठ करून येतात. “काका, सुपर १५० आहे का?” हा आकडा लोकरीचा तंतू किती बारीक ते सांगतो. सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनच्या आत, सुपर १५० म्हणजे १६.२५ च्या आत. दर दहा अंकांमागे अर्धा मायक्रॉन कमी. तंतू जितका बारीक तितका स्पर्श मऊ आणि भाव चढा. टिकाऊपणा मात्र आकड्याबरोबर वाढत नाही, उलट घटतो. हिंजवडीला रोज दुचाकीवरून जाणाऱ्या मुलाला मी सुपर १५० ची पँट शिवून देत नाही. पुण्यातल्या दुचाकीवाल्याची पँट कुठे झिजली असेल हे ती न बघता सांगता येतं: बैठकीवर आधी चकाकी येते, मग मांड्यांच्या आतल्या अंगाला कापड विरतं. पाठीला सॅक लावणाऱ्याच्या कोटाच्या खांद्यांवर गुठळ्या धरतात. अशा माणसाला सुपर १०० पुरे, उभा-आडवा दोरा दुपदरी पिळाचा, कोटाला मागे दोन्ही बाजूंना काप म्हणजे सीटवर बसताना कोट वर गोळा होत नाही, आणि एका कोटावर दोन पँटी. त्या दोन्ही एकाच ताक्यातून आणि एकाच वेळी कापलेल्या हव्यात. नंतर तोच नंबर मागवला तरी रंगाचा लॉट वेगळा निघतो आणि पँट त्या कोटाची वाटत नाही. साध्या बांध्याच्या माणसाच्या सुटाला सव्वातीन मीटर कापड लागतं, दुसऱ्या पँटीसाठी अजून सव्वा मीटर. खर्च वाढतो खरा, पण सूट निकामी होतो तो बहुतेक वेळा पँटीपायी. कोट अजून चांगला असतो.

रंगासाठी मी माणसाला दुकानाच्या उंबऱ्यावर नेतो. आमचं दुकान उत्तराभिमुख आहे. उत्तरेच्या उजेडात थेट ऊन नसतं, म्हणून चित्रकारांनाही तो मानवतो. पिवळ्या दिव्याखाली उबदार वाटलेला तपकिरी बाहेर येताच हिरवट निघतो. दुकानात हुबेहूब जुळलेली दोन कापडं दिवसाच्या उजेडात वेगळी पडतात, कारण वेगवेगळ्या रसायनांपासून एकसारखा दिसणारा रंग तयार करता येतो, पण तो प्रत्येक उजेडात तसाच दिसेल याची हमी नसते. म्हणून आधी उंबऱ्यावर, मग आत ट्यूबखाली, आणि समारंभ रात्रीचा असेल तर मागच्या खोलीत पिवळा बल्ब लावून. चार बोटांच्या नमुन्यावरून रंग ठरवू देत नाही. दोनएक मीटर कापड खांद्यावरून खाली सोडतो, गळ्याशी चिमटा लावतो आणि आरशाच्या आधी सोबत आलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघतो. आवडलं की नाही ते तिथे आधी उमटतं.

‘हा रंग घ्या, उजळ दिसाल,’ असं सांगून कापड विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. सावळ्या माणसाने गडद रंग घालू नये हा समज कुणी पसरवला कोण जाणे. त्यापायी कितीतरी देखणे पुरुष आयुष्यभर बिस्किटी शर्टांत वावरले. सावळ्या वर्णावर बाटली हिरवा, जांभळ्याकडे झुकणारा वाइन, गडद निळा हे रंग असे खुलतात की गोऱ्या माणसाला ते तितके शोभत नाहीत. चेहऱ्यावरचं तेज हरवतं ते मळकट, फिकट रंगांनी. पांढऱ्या शर्टात निळीची झाक असावी की हस्तिदंती, हेसुद्धा उंबऱ्यावर उभं केल्याशिवाय ठरत नाही.

लग्नात सगळ्यात अवघड रंग काळा. एक मुलगा आईला घेऊन आला. मोबाइलवर परदेशी नटाचा फोटो, काळा टक्सेडो.

“काका, अस्साच. काळाच हवाय.”

आई माझ्याकडे वळली. “अहो मास्तर, तुम्हीच सांगा याला. लग्नात कुणी काळं घालतं का? सासूबाई दारातच अडवतील.”

“आई, रिसेप्शनला घालणार आहे गं. विधींना सोवळं आहेच की.”

“रिसेप्शन लग्नाचंच ना?”

दोघांचंही बरोबर होतं. आपल्याकडे काळा रंग हौसेने अंगावर घ्यायचा तो संक्रांतीला; मंगलकार्यात घरातल्या मोठ्यांना तो सलतो आणि ते मन मोडून लग्नाचा कोट शिवू नये असं मला वाटतं. मुलाचीही हौस खोटी नव्हती. मी मिडनाइट ब्लूचा ताका काढला. इंग्लंडचा आठवा एडवर्ड, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ विंडसर, राजपुत्र असताना रात्रीच्या पोशाखात हा रंग वापरायचा. दिव्यांच्या उजेडात काळं कापड हिरवट, विटकं वाटतं. हा निळा मात्र तिथे काळ्याहून गहिरा दिसतो. आईला उंबऱ्यावर नेलं. तिने घडी उजेडाकडे तिरकी धरली, अंगठ्याने पोत चाचपला, पुन्हा तिरकी केली आणि म्हणाली, “निळाच आहे. गडद आहे, पण निळा आहे.” मग मुलाला मागच्या खोलीत नेलं, बल्ब लावला आणि तेच कापड त्याच्या खांद्यावर टाकलं. “हा तर काळाच आहे की!” कोणापासून काही लपवलं नव्हतं, दोघांनीही दोन्हीकडे बघितलं. लेपलला रेशमी साटीन घातलं, तेही त्याच निळ्यातलं, आणि बटणं त्याच साटीनने मढवून घेतली.

नवरीच्या साडीशी जुळवून घ्यायचं असेल तर फोटो आणू नका, असं मी प्रत्येक घराला सांगतो. मोबाइल राणी रंगाचा लाल करतो आणि मोरपिशीचा निळा. साडीच्या ब्लाउजपीसची चिंधी आणली की काम होतं. आणि जुळवायचं ते काठाशी, अंगाशी नाही. पैठणी जांभळी आहे म्हणून जांभळाच कोट घातला तर फोटोत दोघं एकाच ताक्यातली दिसतात. त्यातून डोक्यावर फेटा येणार, खांद्यावर उपरणं येणार. फेटा भरजरी असेल तर कोट शांत हवा, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

नेहरू जॅकेटांना सध्या खणाचं कापड फार मागतात. खण मुळात चोळीसाठी विणलेला, पन्हा कमी, त्यामुळे उंच माणसाच्या जॅकेटला तो पुरवून पुरवून कापावा लागतो आणि बुट्ट्यांची ओळ समोरच्या दोन्ही पल्ल्यांवर एका रेषेत आणताना कस लागतो. छत्रपती संभाजीनगरचा हिमरू मिळाला तर माझा दिवस चांगला जातो. सुती ताण्यावर रेशमी नक्षी, वजनाला हलका, अंगावर भारदस्त. पण त्याच्या उलट्या बाजूला नक्षीचे दोरे सुटे तरंगत असतात, अंगठी किंवा घड्याळ अडकलं की ओढले जातात. अस्तराशिवाय हिमरू शिवणं म्हणजे विणकराच्या मेहनतीचा अपमान. हळदीच्या कुर्त्यासाठी मात्र महाग कापड घेऊ देत नाही. साधं मलमल किंवा खादी पुरे. आणि डाग पडलाच तर घाईने साबण लावू नका, साबणाच्या क्षाराने हळद लाल होते. पाण्याने खळखळून उन्हात टाका. उन्हाने हळद उडते.

एक निळा असा आहे की तो मागणाऱ्याचं मी आधी पूर्ण ऐकून घेतो. एका महाविद्यालयात नुकताच प्राध्यापक म्हणून लागलेला तरुण वडिलांबरोबर आला होता. वडील महापालिकेत कामाला होते, आता निवृत्त. “बाबासाहेबांसारखा थ्री-पीस शिवायचाय. निळा. १४ एप्रिलला घालणार.” निळा कोणता, हे मी विचारलं. बाबासाहेबांची बहुतेक छायाचित्रं कृष्णधवल. आपल्या डोळ्यांसमोर जो निळा उभा राहतो तो पुतळ्यांचा आणि झेंड्यांचा. मुलाच्या मनात गडद नेव्ही होता, कॉलेजमध्येही घालता येईल असा. वडिलांना पुतळ्याचा तेजस्वी निळाच हवा होता. मी चार निळे ताके उंबऱ्यावर मांडले. नेव्हीपेक्षा एक पायरी उजळ, उजेडात निळा म्हणून ठसठशीत दिसणारा आणि वर्गात शोभणारा, असा एक निघाला. वडिलांनी हात धुऊन येतो म्हणून सांगितलं, मोरीवर गेले, हात पुसले आणि मग कापडाला हात लावला. एप्रिलच्या उन्हात थ्री-पीस घालायचा म्हणून मी २२० ग्रॅमचं साध्या विणीचं कापड सुचवलं, वेस्टकोटाची पाठ नुसत्या अस्तराची ठेवली आणि कोटालाही मागे अर्धंच अस्तर दिलं. ते दोघं त्या दिवशी सकाळी सेनापती बापट रस्त्यावरच्या सिंबायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात जाणार होते, जिथे बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जतन करून ठेवल्या आहेत.

कपडे काय घालायचे हा प्रश्न या शहरात कधी किरकोळ नव्हता. १८७७ च्या दिल्ली दरबाराला गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका, सार्वजनिक सभेतर्फे गेले ते हातसुताचे स्वदेशी कपडे घालून. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. उंची पोशाखांतल्या त्या पाहुण्यांत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात आले आणि खेड्यातल्या रयतेची दशा त्यांनी तिथे उभं राहून सांगितली. १९०५ साली याच शहरात विदेशी कपड्यांची होळी झाली. एकाने स्वतःच्या सुताचं कापड निवडलं, एकाने रयतेचं, आणि बाबासाहेबांनी ज्यांना धड वस्त्र नेसू दिलं जात नव्हतं त्यांच्यासमोर पूर्ण सूट घालून उभं राहणं निवडलं. टेबलाशी उभा राहून कापड कापणाऱ्या माणसाला हे ठाऊक असावं. नाहीतर ‘एवढ्या उन्हात थ्री-पीस कशाला?’ असं तो विचारून बसेल.

वकिलांच्या काळ्या कोटाबद्दल मात्र मी उन्हाचा प्रश्न उघड विचारतो. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडून इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, तरी शिवाजीनगर कोर्टात मे महिन्यातही पुष्कळ जण तो घालतातच. वकिलाचा कोट हा रोजच्या मेहनतीचा कपडा आहे. फायली नेहमी डाव्या काखेत, म्हणून तिथली शिवण आणि बाहीचा आतला भाग आधी जातो. युक्तिवाद करताना हात वर जातो, म्हणून मुंढा खोल नको, उलट वर चढवलेला हवा. खोल मुंढ्याने हात मोकळा राहतो ही चुकीची समजूत आहे, हात उचलला की अख्खा कोट कानापर्यंत येतो. स्वस्त काळा रंग दोन उन्हाळ्यांत तपकिरी पडतो. त्यापेक्षा लोकर-पॉलिएस्टरचं चांगलं मिश्रण घ्यावं आणि पैसे अस्तरावर खर्च करावेत.

अस्तराबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. लोक मीटरला हजारोंचं सुटिंग घेतात आणि अस्तराच्या वेळी हात आखडतात. बाहेरून लोकर आणि आत पॉलिएस्टरचं चकचकीत अस्तर असलं की घाम कुठेच जात नाही. अंगाला लागतं ते अस्तर, सुटिंग नव्हे. व्हिस्कोसचं अस्तर रविवार पेठेत सहज मिळतं, फरक काही शे रुपयांचा असतो. तसंच छातीच्या आतलं. गोंदाचं फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवलं की कोट लवकर होतो आणि स्वस्तही पडतो, पण काही ड्रायक्लीननंतर गोंद सुटून छातीवर फुगे येण्याची भीती असते. कॅनव्हास हाताच्या टाक्यांनी बसवला तर घालणाऱ्याच्या छातीप्रमाणे तो वळतो. ज्याला संपूर्ण कॅनव्हास परवडत नाही त्याला मी छातीपुरता अर्धा घालून देतो आणि त्याऐवजी बटणं साधी घ्यायला सांगतो. बटणं नंतर बदलता येतात, छाती बदलता येत नाही.

बटणांचाही लोभ मला आहेच. लिननच्या शर्टाला शिंपल्याचं बटण, खादीच्या जॅकेटला करवंटीचं, सुटाला शिंगाचं, आणि हाताने केलेलं काज. आमच्याकडे काज करणारे काका सत्तरी ओलांडलेले आहेत. पूर्वी पेठेत काज-बटणाची वेगळी दुकानं चालायची. आता मशीन काही सेकंदांत काज पाडतं. काका आधी काजाच्या कडेने जाड दोऱ्याची दोरी टाकतात, मग तिच्यावरून एकेक गाठीचा टाका घालत जातात. लेपलवरच्या एका काजाला त्यांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलत नाही. बाहीला उघडणारी काजं हवीत असं कुणी म्हटलं की मी ती शेवटच्या ट्रायलनंतरच करतो, कारण एकदा काज कापलं की बाहीची लांबी कायमची ठरते.

खिशांची चौकशी मी स्वतःहून करतो. डावखुऱ्याला आतला खिसा उजवीकडे. मोबाइल मोठे झाल्यापासून आतला खिसा अर्धा इंच खोल. एका निवृत्त शिक्षकांना सफारीच्या वरच्या खिशात चष्मा, पेन आणि गोळ्यांची डबी एकदम ठेवायची होती. खिशाला आतून दोन कप्पे केले आणि मागे बकरमचा पातळ थर दिला, म्हणजे समोरून तो लोंबत नाही. मापाच्या वहीत त्यांच्या छातीच्या आकड्याशेजारी मी ते लिहून ठेवलंय.

सध्या टेबलावर एक जुना कोट आहे. एका मुलाच्या आजोबांचा, कॅम्पातल्या कुणा जुन्या शिंप्याने शिवलेला, जाड फ्लॅनेलचा, वजनाला आजच्या सुटिंगच्या जवळजवळ दीडपट. मुलाला तो स्वतःच्या साखरपुड्याला घालायचाय. मी अस्तर उसवलं. आत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास, टाके एकसारखे, आणि पाठीच्या व बाजूंच्या शिवणींत सढळ हाताने ठेवलेली माया. बाजूंना एकेक इंच सोडता येईल. खांदा त्याला अर्धा इंच मोठा आहे, त्याला मी हात लावणार नाही. खांदा उसवायचा म्हणजे सगळा कोट नव्याने बांधायचा. बाहीत आत दीड इंच कापड आहे, पण जुन्या दुमडीची रेघ वाफेने फिकी होईल, पूर्ण जाणार नाही, हे त्याला रेघ दाखवून सांगितलंय. अस्तर तपकिरी व्हिस्कोसचं घालायचं ठरलं, मागे अर्धंच. आता बाही पाऊण इंच सोडायची की पूर्ण एक इंच, एवढं उरलंय. एक इंच सोडली तर कफची बटणं वर चढल्यासारखी दिसतील आणि ती उतरवायची तर जुनी काजं उघडी पडतील. संध्याकाळी काका आले की त्यांना विचारायचंय, ती काजं आतून दोरा घालून बुजवता येतील का.